शिवणवाल्या ताई, लाइनवर थांबा

११ जानेवारी

ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता ड्रॉवरमध्ये टाकलंस तरी माझं काही म्हणणं नाही. फाडू मात्र नकोस. कधीतरी ड्रॉवर आवरायला काढशीलच, तेव्हा वाच. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. तू हॉस्टेलवर होतीस तेव्हा तुला शेवटचं पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हेच. अक्षर बिघडलंय. दिवसभर कात्री धरणाऱ्या हाताला पेन धरवत नाही.

अकरा महिने झाले. रागावलीस हे मान्य, पण माझी बाजू तू एकदाही पूर्ण ऐकलेली नाहीस. "ताई, आता आपलं बोलणं संपलं," एवढं म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. वर्गात पोरांना सगळ्या पायऱ्या लिहायला लावणारी गणिताची बाई, आणि स्वतः मात्र थेट उत्तर लिहून मोकळी!

तर पायऱ्या मीच लिहिते. बाबा गेले त्या वर्षी घर खायला उठायचं. मशीनवर बसलं की सोबत हवी म्हणून बाबांचा रेडिओ लावायला लागले. सकाळी दहा ते अकरा श्रोत्यांच्या फोनचा तो कार्यक्रम असतो. एके दिवशी विषय होता, तुमच्या कामातली लोकांना माहीत नसलेली गोष्ट. मी म्हटलं, अरेच्चा, हे तर मलाच विचारतायत. चाळीस मिनिटं फोन लावत होते. एकदाचा लागला. मी सांगितलं की कपडे सैल करून घ्यायला जेवढी माणसं येतात तेवढी सगळी म्हणतात, कापड धुतल्यावर आटलं. वीस वर्षांत एकाही माणसाने मी जाड झालो असं कबूल केलेलं नाही. तो सूत्रसंचालक एवढा हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "शिवणवाल्या ताई, तुम्ही रोज फोन करत जा."

मी काय, तेवढ्यावर हरभऱ्याच्या झाडावर चढले. आठवड्यातून दोनदा तरी करायचेच. आमच्यात नेहमीची माणसं ठरलेली होती. कबुतरांवर तक्रार करणारे निवृत्त काका, गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाई, आणि मी. दुकानात माझा आवाज ऐकून लोक वळून बघायचे. मला आवडायचं ते.

आता तो दिवस. त्यांची पद्धत अशी, की आधी एक मुलगी फोन उचलते, आज काय बोलणार ते विचारते. मग म्हणते, "ताई, घरातला रेडिओ बंद करा आणि लाइनवर थांबा." कारण आपण बोललेलं रेडिओवर दहा सेकंद उशिरा लागतं. स्वतःचाच आवाज मागून ऐकू आला की माणूस गोंधळतो. थांबल्यावर कानात गाणं वाजतं. गाणं थांबलं की तीच मुलगी परत येते, "आता तुम्ही हं," म्हणते आणि मग तिकडे जोडते.

त्या दिवशी विषय होता वाट पाहणं. गाणं थांबलं आणि कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, ती मुलगीच आहे, कामात असेल. तिच्याशी माझं चांगलं जमायचं. म्हणून मी सहज म्हटलं, "अगं, खरी वाट कोणी पाहिली सांगू का तुला? माझ्या वडिलांनी." आणि सांगितलं, की धाकटी बहीण स्टँडपर्यंत आली, तिथल्या पेपरवाल्याने तिला पाहिलं, आणि आजारी बाप बघवणार नाही म्हणून तिथूनच परत गेली. सगळ्यांना सांगितलं की ताप आला होता. बाबा पाच दिवस दाराकडे बघत राहिले आणि गेले.

तो सूत्रसंचालक मेला तोंडात मूग गिळून बसला होता. त्याला आयतंच मिळालं. मला त्यांनी थेट कार्यक्रमात जोडलं होतं, आणि रेडिओ बंद केल्यामुळे मला ते कळलंच नाही. सांगितलेलं ऐकलं, तेच अंगाशी आलं.

मी तुझं नाव घेतलं नव्हतं. पण शिवणवाल्या ताईंना बहिणी किती हे आत्याला वेगळं सांगायला नको होतं. पुढचं तुला ठाऊक आहे. त्यांनी तो तुकडा इंटरनेटवर टाकला, मामेभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि तुला कोण काय काय बोललं ते मला दुसऱ्यांकडून कळलं.

चूक त्यांच्या जोडणीची होती, ठमे. एकदा फोन उचल. एवढंच मागणं आहे.

ताई


२९ जानेवारी

ठमे,

उत्तर नाही. मी अपेक्षा केली नव्हती असं लिहिणार होते, पण टपालवाल्याची सायकल वाजली की मी पायडलवरचा पाय उचलते हे खरं आहे.

हो, मी अजून फोन करते त्या कार्यक्रमाला. खोटं कशाला सांगू? मध्ये तीन महिने बंद केला होता. मग विषय आला, घरातली कोणती वस्तू तुम्हाला फेकवत नाही. मला राहवलं नाही. एकदा बोलून बघ म्हणजे कळेल. दोन वर्षं बाबांचं करताना लोक विचारायचे, बाबांना कसं आहे, जेवले का, झोप लागते का. त्या सूत्रसंचालकाने मला विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" इतका साधा प्रश्न. फोन ठेवल्यावर मी रडले होते.

काल शेजारचे मास्तर आले होते, शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला. ऐकायला कमी येतं त्यांना, तुला माहीत आहे. बसल्या बसल्या म्हणाले, "तुमचं ते वडिलांचं बोलणं ऐकलं होतं हो मी. चहा ओतत होतो, कप भरून बशीत गेला तरी लक्ष नाही." मी म्हटलं, "मास्तर, जुनी गोष्ट झाली." तर ते म्हणाले, "माझ्या रेडिओचा त्रास होतो का तुम्हाला? फार मोठा लावतो मी."

ते गेले आणि मला पुढची टीप घालता येईना.

त्यांचा रेडिओ फार मोठा असतो, ठमे. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे. दहा वाजता त्यांच्याकडे लागला की मला माझा लावायचीही गरज नसते.

त्या दिवशीही लागलेला होता. मी "अगं, खरी वाट कोणी पाहिली" म्हटलं, पुढची दोन वाक्यं बोलले, आणि भिंतीतून माझाच आवाज आला. "अगं, खरी वाट कोणी पाहिली." मला कळलं. तेव्हाच कळलं. तोवर मी फक्त बाबांचं बोलले होते, तुझा विषयसुद्धा निघाला नव्हता. मी थांबू शकले असते, फोन ठेवू शकले असते.

थांबले नाही, कारण सगळे ऐकत होते. इतकं शांतपणे माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं. बाबांचं मी एकटीने केलं आणि नाव मात्र तुझं निघायचं, हे मला एकदा सगळ्या जगाला सांगायचं होतं. सांगून टाकलं.

आधीच्या पत्रात जोडणीची चूक म्हणून लिहिलं ते निम्मंच खरं होतं.

ताई


१६ फेब्रुवारी

ठमे,

रेडिओवाल्यांचा फोन आला होता. या वेळी त्यांनी मला केला. कार्यक्रमाला पाच वर्षं होतायत म्हणून ३ मार्चला जुन्या, गाजलेल्या श्रोत्यांना परत बोलवणार आहेत. माझा वडिलांचा तुकडा सगळ्यात जास्त ऐकला गेलाय म्हणे. ती मुलगी म्हणाली, "ताई, तुमच्या बहिणीचा नंबर द्या ना. दोघींना लाइनवर जोडू. तुम्ही बोला, त्या बोलतील, छान होईल एकदम."

मी म्हटलं, "तिचा नंबर माझ्याकडे नाही."

तुझा नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. मग नाही का म्हटलं? आधी स्वतःला सांगितलं, ठमीला आवडणार नाही म्हणून. मग म्हटलं, आता पत्रातही असलं हातचं राखून लिहायचं असेल तर शाई कशाला वाया घालवायची.

घाबरले म्हणून नाही म्हटलं. तू लाइनवर आली असतीस तर एकच वाक्य बोलली असतीस, आणि ते खरं असतं.

पेपरवाल्याने तुला पाहिलं नव्हतं. मी त्याला ओळखतही नाही. तू स्टँडवर उतरलीस हे मला कळलं, कारण तूच तिथून फोन केलास. "ताई, पोचले. रिक्षा मिळाली की दहा मिनिटांत येते," असं म्हणालीस. आवाजात केवढा आनंद होता तुझ्या.

मी त्या सकाळी बाबांची चादर तिसऱ्यांदा बदलली होती. आदल्या दिवसापासून ते "ठमी कधी येणार, ठमी कधी येणार" करत होते. मी त्यांच्या तोंडाशी चमचा धरलेला, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे. मी त्यांना दिसतच नव्हते. तुझा आनंदी आवाज ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "आता कशाला येतेस? बाबा झोपलेत, डॉक्टरांनी कोणाला भेटू देऊ नका म्हणून सांगितलंय. तू पाहुणीसारखी दोन तास बसून जाशील आणि मग चार दिवस ते तुझ्या नावाने मला छळतील. निस्तरायचं कोणी? परत जा. पुढच्या आठवड्यात ये."

तू म्हणालीस, "नुसती दारातून बघून जाते, ताई."

मी म्हणाले, "नको."

बाबा झोपलेले नव्हते. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. मी फोन ठेवला तेव्हा बाबांनी विचारलं, "कोण गं?" मी सांगितलं, "ब्लाउजवाली बाई, कधी होईल म्हणून विचारत होती." त्यांनी मान हलवली आणि परत दाराकडे बघायला लागले.

पुढचा आठवडा त्यांना मिळाला नाही. मला कुठे माहीत होतं, असं लिहावंसं वाटतं, पण ते तुलाही माहीत नव्हतं आणि तरी तू नुसतं बघून जायला तयार होतीस.

मी लाखभर लोकांना सांगितलं की तू परत गेलीस. मी परत पाठवलं हे सांगितलं नाही.

ताई


४ मार्च

ठमे,

काल बोलले मी. तुला न विचारता, तुझा नंबर न देता. विचार केला, जिथे सांडलंय तिथेच पुसायला हवं.

मशीनवर कापड टाकून झाकलं, खुर्ची फोनजवळ ओढली, बोलायचं ते कागदावर लिहून समोर ठेवलं. त्या मुलीने विचारलं, काय बोलणार. मी म्हटलं, बाबांचंच. ती म्हणाली, "छान. लाइनवर थांबा." गाणं वाजलं, थांबलं, या वेळी ती नीट परत आली, आणि मग तो सूत्रसंचालक, "आपल्या सगळ्यांच्या लाडक्या शिवणवाल्या ताई! बोला ताई, वडिलांच्या आठवणीने आम्हाला रडवलंत तुम्ही."

मी म्हटलं, "ती आठवण अर्धी होती. माझी बहीण स्टँडवरून परत गेली नाही. मी तिला खोटं सांगून परत पाठवलं. वडील जागे होते." कागद बघावा लागला नाही. मग तुझा फोन, चादर, ब्लाउजवाली बाई, सगळं सांगितलं. पलीकडे चिडीचूप. मला वाटलं, गेल्या वेळेसारखाच ऐकतोय.

मग भिंतीकडे माझं लक्ष गेलं. मास्तरांच्या घरात गाद्यांची जाहिरात चालू होती.

संपल्यावर ती मुलगी लाइनवर आली. बिचारीचा आवाज पडला होता. "ताई, रागावू नका. ते बाहेर गेलं नाही. दहा सेकंद त्यासाठीच असतात, नको ते आलं की बटण दाबायचं. वरून सांगितलंय, वाढदिवसाचा कार्यक्रम आहे, जड काही नको."

मी म्हटलं, "मागच्या वेळी नाही कोणी बटण दाबलं."

ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही बहिणीबद्दल बोलत होतात ना, ताई."

तिचा काय दोष? फोन ठेवला. बाबांचा रेडिओ पुसून कपाटात ठेवून दिला. आता परत फोन करणार नाही तिकडे. रागाने म्हणत नाही. मला जे बोलायचंय त्याला तिथे जागा नाही, एवढंच.

पण काम राहिलंच आहे. तुझ्याबद्दलचं सगळ्यांपर्यंत पोचलं आणि माझ्याबद्दलचं गाद्यांच्या जाहिरातीखाली गेलं. म्हणून यादी केली आहे. ग्रुपवर लिहिणार नाही, तिथे लोक अंगठा दाखवतात आणि पुढे सरकतात. एकेकाला फोन करून सांगणार आहे. अकरा जण आहेत.

ताई


९ मार्च

ठमे,

झाले अकरा. पाच दिवस लागले.

आत्यापासून सुरुवात केली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तू आत्ता सांगतेस? माझी मालिका लागलीय." दहा मिनिटांनी तिनेच परत फोन केला आणि मला अशी झाडली की विचारू नकोस. बरं वाटलं. मामेभाऊ म्हणाला, "हं. मग तो तुकडा मी काढून टाकू का ग्रुपवरून?" म्हटलं, काढ बाबा. "आणि माझी पँट झाली का?" धाकट्या मावशीला खरंच वाटेना. तुझी बाजू घेण्यासाठी मी हे रचतेय असं तिचं मत. तिला तीनदा सांगावं लागलं की मावशी, मी एवढी चांगली नाही.

तुझ्या सासूबाईंचा नंबर मी शेवटी ठेवला होता. आज दुपारी केला, तू शाळेत असशील अशी वेळ बघून. मला त्यांची फार भीती वाटत होती. ज्या घरात तू राहतेस तिथे तुझ्याबद्दल काय मत झालं असेल, याचाच विचार रेडिओच्या त्या दिवसापासून मी करत होते. मी थांबत थांबत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या,

"मला माहीत आहे हे."

मी विचारलं, "ठमीने सांगितलं? माझी पत्रं आल्यावर?"

"पत्रांचं मला काही माहीत नाही. तिने त्याच दिवशी सांगितलं. स्टँडवरून घरी आली ती चपला न काढता माझ्यासमोर जमिनीवर बसली. सगळं बोलली. मी म्हटलं, थांब, तुझ्या बहिणीला आत्ता फोन लावते आणि चांगली हजेरी घेते. तर माझा हात धरला. म्हणाली, नको. दोन वर्षं तिने एकटीने केलंय, थकून बोलली असेल. हे बाहेर गेलं तर लोक तिचं केलेलं सगळं विसरतील आणि एवढंच लक्षात ठेवतील. मला ताप आला होता असं सांगा."

कसंबसं विचारलं, "आणि रेडिओवर मी बोलले तेव्हा?"

"तेव्हा मी भांडले तिच्याशी. म्हटलं, आता तरी खरं सांग, किती दिवस ऐकून घेणार? तर म्हणाली, मी तिच्याशी बोलणार नाही, पण तिच्याबद्दलही बोलणार नाही."

बाबा जाऊन तीन वर्षं झाली, ठमे. आत्या तुला निष्ठुर म्हणाली, मामेभावाने लिहिलं की शिकलेल्या मुली अशाच, मावशीने तुझ्याकडे यायचं बंद केलं. तुझ्याकडे एक वाक्य होतं. ते बोलली असतीस तर सगळे माझ्याकडे वळले असते. तू बोलली नाहीस. मी तुला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, त्यानंतरही बोलली नाहीस. आणि मी पत्रांतून तुला माझी बाजू समजावत होते! माझी बाजू तुला पहिल्या दिवसापासून कळली होती. माझ्यापेक्षा तूच ती जास्त सांभाळलीस. मला लाज वाटते आहे. आणि इतकी माया करणारं कोणीतरी मला आहे हे आत्ता, या वयात, तुझ्या सासूबाईंकडून कळलं, म्हणून दुपारपासून सारखं रडू येतंय.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. येऊ का असं विचारत नाही, कारण विचारलं की समोरच्याला नको म्हणता येतं, आणि त्या एका शब्दाने काय होतं ते मी पाहिलंय. सासूबाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, या.

तुला गप्पच बसायचं असेल तर बस, मीही बसेन. पण बोलायला लागलीस तर मला मध्ये एक शब्दही बोलू देऊ नकोस. स्टँडवरून परत जाताना गाडीत काय वाटलं ते सांग, बाबा गेल्याचा फोन आला तेव्हाचं सांग, रेडिओवर माझा आवाज ऐकलास त्या सकाळचं सांग. सगळं सांग. एवढी वर्षं मीच बोलत आले. तुला काय वाटतं, हे मी एकदाही विचारलं नाही. शनिवारी तेच विचारायला येते आहे.

तुझी
ताई